जानरावच्या गळ्यातल्या गाठीची पारख

जानराव दलाल खरं बोलायला लागला, तेव्हा गावाला पहिल्यांदा त्याची काळजी वाटली.

एरवी काळजी करावी असा हा गडी नव्हताच. वय बासष्ट, अंगात पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा आणि तोंडाला सुट्टी नाही. गाव बार्शीटाकळीच्या पलीकडचं आणि धंदा बैलबाजारातल्या दलालीचा. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मधे जानराव. बैलाचा जबडा उघडून दात मोजायचा, वशिंडावर हात ठेवायचा, चारी पाय दाबून बघायचा, आणि मग जे बोलणं सुरू करायचा ते बैल नव्या मालकाच्या दावणीला जाईपर्यंत थांबायचं नाही. त्याची बायको मनकर्णा म्हणे, "देवानं या मान्साले तोंड देल्लं, झाकन द्याचं इसरला."

आता बाजाराची एक रीत सांगतो, कारण ती माहीत नसली तर पुढचा घोटाळा कळायचा नाही. बैलाचा भाव तिथे तोंडाने ठरत नाही. दोघांचे हात दुपट्ट्याखाली जातात आणि बोटं दाबून बोली होते. तोंडाने वाट्टेल ते बोला, कोणी मनावर घेत नाही. दुपट्ट्याखाली बोट दाबलं की मात्र शब्द गेला, तो फिरवायचा नाही. आणि घेणाऱ्याने दलालाला समोरासमोर विचारलंच, "काही खोड-बीड हाय काय गा?" तर दलालही सरळ खोटं बोलत नाही. देव पाहत असतो ना! तो आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, "आता सांगता येत नाही बापा. जनावर हाय." याचा अर्थ, खोड आहे, दलालाला पक्की माहीत आहे, आणि तो सांगणार नाही. जुनी गिऱ्हाइकं हे ऐकून निघून जात, नवी फसत. जानरावने पस्तीस वर्षं हे वाक्य वापरलं, आणि त्याचा अर्थ 'मला माहीत नाही' असा एकदाही नव्हता.

गाठ सापडली ती दाढी करताना. न्हाव्याने मान वर करायला लावली आणि वस्तरा बाजूला ठेवून म्हणाला, "जानरावभाऊ, हे काय वाढवून राहिले गयात?" जानरावने हात लावून पाहिला. घाटीच्या खाली, उजव्या अंगाला, सुपारीएवढं काहीतरी. थुंकी गिळली की वर जायचं, मग खाली यायचं. दुखत मात्र नव्हतं. दुखत नाही म्हणून त्याने महिनाभर घरात सांगितलंच नाही. पण मनकर्णाच्या नजरेतून दाण्यातला खडा सुटत नाही, तर नवऱ्याच्या गळ्यातली गाठ कशी सुटेल! त्यांची लेक प्रणाली अमरावतीला दिलेली. तिला फोन गेला, तिने बापाला फोनवरच झापलं, आणि जानराव मुकाट्याने अकोल्याच्या डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी गाठ चाचपली, रक्त तपासलं आणि एक बारीक सुई हाताच्या अंदाजाने गाठीत घातली. सुईत आलं थोडं तपकिरी पाणी. ते तपासायला गेलं. चार दिवसांनी जानराव एकटाच रिपोर्ट घ्यायला गेला. डॉक्टरांनी कागद वाचला, मान वर केली आणि म्हणाले, "जानरावजी, यावरून काही सांगता येत नाही."

आणि हे म्हणताना ते वर पाहत होते. खरं तर लाईट गेली होती आणि पंखा का थांबला ते बघत होते बिचारे. पण जानरावने ते पाहिलं आणि काय समजायचं ते समजला. पुढे डॉक्टर बरंच बोलले. सुईत नुसतं पाणी आलं, पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, अमरावतीला सोनोग्राफीच्या मशीनवर बघत बघत परत सुई घातली की नक्की कळेल, घाबरू नका. जानरावच्या कानात त्यातलं एक अक्षर गेलं नाही. पस्तीस वर्षं जे वाक्य त्याने लोकांच्या तोंडावर मारलं, ते आज त्याच्या तोंडावर येऊन पडलं होतं. खोड आहे, याला माहीत आहे, आणि हा सांगणार नाही.

त्याने रिपोर्टची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. रस्त्यात खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट घेतलं. घरी येऊन मनकर्णाला म्हणाला, "काही नाही म्हनते. गोळ्या चघळ म्हनते."

तो घाबरला होता, उगाच कशाला लपवायचं. मेलेली माणसं त्याने पाहिली होती, पण मरणारा माणूस आपणच, हे त्याला नवीन होतं. आठ दिवस त्याला जेवण गेलं नाही, घरातली बडबडही आटली. नवव्या दिवशी त्याच्या मनाने घेतलं, की वर जाऊन हिशेब द्यायचाच आहे, तर इथलं ओझं इथेच टाकून जावं. आपण कोणकोणाच्या गळ्यात कोणकोणती जनावरं मारली, ते त्या-त्या माणसाला सांगून टाकावं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुपट्टा खांद्यावर टाकून तो सूर्यभानच्या शेतात जाऊन उभा राहिला.

सूर्यभान त्याच्याच वयाचा शेतकरी. कपाशीत डवरे, म्हणजे कोळपणी, चालली होती. जानरावने त्याला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोलावलं आणि धाडकन सांगून टाकलं, "सूर्यभान, तुले म्या तो बांड्या बैल देल्ला व्हता नं, त्याले बसाची खोड व्हती. जुपला की बसे. मले माहीत व्हतं, तरी देल्ला."

सूर्यभानने कपाळावरचा घाम पुसला. "कधीची गोष्ट करून राहिला तू? तो बैल जाऊन सात वर्षं झाले."

"तरी बी. माफ कर बापा."

"अरे, मले दुसऱ्याच दिवशी समजलं व्हतं. तासात जाऊन मधातच बसला. पह्यले मारला, शिव्या देल्ल्या, उठे नाही. मंग तो बसला की म्याही बसो. त्याच्या संग बिडी पेवो. अकरा वर्षं राह्यला मायाकडे. त्याच्यावानी सोबती नाही भेटला मले." एवढं बोलून सूर्यभानने त्याच्याकडे नीट पाहिलं. "पन तुले आज कावून आठोलं?"

जानरावने दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. तिथून तो तानुबाईच्या वाड्यात गेला. तानुबाई सत्तरीची, एकटी राहणारी आणि जिभेला सुरीची धार. तिला त्याने पाच वर्षांपूर्वी गाय मिळवून दिली होती, ती लाथाड होती. हे त्याने कबूल केलं, तेव्हा तानुबाई गोठ्यातच होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हातातली कासंडी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"लय चांगलं केलं बाबू, सांगतलं. आता आलाच हायस त दूध काढून जाय."

"मी?"

"मंग काय मी? पाच वर्षं म्या लाथा खाल्ल्या. एक दिवस तू खाय."

जानराव बसला. पहिलीच लाथ मांडीवर बसली, दुसरीने कासंडी उडाली. तानुबाई दाराला टेकून पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "जाय, झाली फिट्टंफाट." लंगडत लंगडत तो घरी आला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली.

आठवड्याभरात त्याने सात घरं गाठली. गावात कुजबूज सुरू झाली. बाजारात तर कहरच झाला. एकाने विचारलं, "खोड हाय काय?" आणि जानरावने सरळ सांगितलं, "हाय. मारका हाय. घेऊ नको." बैलाचा मालक त्याच्या अंगावर धावून गेला. शेवटी सूर्यभानला राहवलं नाही. तो भरदुपारी जानरावच्या घरी आला. जानराव घरात नव्हता. मनकर्णा ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होती.

"वयनी, एक इचारू काय? रागावू नका."

"इचारा नं भाऊजी."

"जानरावची तब्येत बरी हाय नं? मानूस खरं बोलून राहिला. सात-आठ घरी जाऊन खरं बोलला. आमाले तं भेव वाटून राहिलं."

मनकर्णाने सूप खाली ठेवलं. ती उठली, खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा तिने उलटा केला, आणि तो रिपोर्ट बाहेर आला. इंग्रजी होता. तिने मोबाईलवर फोटो काढून प्रणालीला पाठवला आणि लगेच फोन लावला. प्रणालीने वाचून सांगितलं, की यात चांगलंही लिहिलेलं नाही आणि वाईटही नाही. नमुना कमी पडला, परत तपासा, एवढंच लिहिलं आहे. मनकर्णाने फोन ठेवला आणि दारात नवऱ्याची वाट पाहत बसली.

जानराव आला. तिच्या हातातला कागद बघून त्याने चपला न काढताच पायरीवर बसकण मारली.

"म्या समजून गेलो वं," तो म्हणाला. "डाक्टर म्हने सांगता येत नाही. वर पाहून म्हने. मले नको शिकवू, म्या हाच धंदा केला."

"डाक्टर काय बैल इकून राहिला व्हता?"

"आता कायले पुन्हा सुया टोचून घ्याच्या? जे हाय ते हाय."

मनकर्णाने पदर खोचला. अडतीस वर्षांत तिने नवऱ्याशी गोड बोलून पाहिलं नव्हतं, आणि आजही तो बेत नव्हता. "मराचं असन त खुशाल मरा," ती म्हणाली. "पन रिपोर्ट पाहून मरा. उद्या सकाळची गाडी हाय अमरावतीची."

मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, एसटीत जानराव एक शब्द बोलला नाही. शेजारच्या माणसाने दोनदा कपाशीचा विषय काढून बघितला आणि मग नाद सोडला. अमरावतीला प्रणाली स्टँडवर घ्यायला आली होती. तिने आधीच सोनोग्राफीच्या दवाखान्यात नंबर लावून ठेवला होता.

तिथल्या डॉक्टर प्रियदर्शनी. चाळिशीच्या आतबाहेर, नांदगाव खंडेश्वरच्या, वडील शाळेत मास्तर. बोलायला शुद्ध, पण म्हातारा पेशंट समोर आला की त्यांची गाडी आपोआप वऱ्हाडीवर यायची. त्यांनी अकोल्याचा रिपोर्ट वाचला, जानरावला टेबलावर निजवलं, गळ्यावर थंडगार चिकट मलम लावलं आणि हातातलं यंत्र फिरवायला सुरुवात केली. जानराव छताकडे बघत होता. मग न राहवून म्हणाला, "डाक्टरीनबाई, एक खरं सांगान काय?"

"बोला ना काका."

"अकोल्याच्या डाक्टरनं म्हटलं, सांगता येत नाही. तुमाले त त्याचा अर्थ माहीत असन. माह्या बाईले सांगू नका, पन मले सांगा. किती दिवस हाय?"

डॉक्टरांचा हात थांबला. "काय अर्थ आहे त्याचा?"

मग जानरावने सगळा बाजार सांगितला. खोड, आभाळाकडे बघणं, जुनी गिऱ्हाइकं, नवी गिऱ्हाइकं, सगळं. शेजारी ट्रे लावत असलेली चंदा, म्हणजे तिथली मदतनीस, तोंडावर हात ठेवून वळली. डॉक्टरांनीही आधी ओठ दाबून धरले. मग जे हसू फुटलं ते आवरेना. यंत्र बाजूला ठेवून त्यांनी चष्मा पुसला.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमच्या बाजारातलं मले माहीत नाही. पन आमच्या बाजारात सांगता येत नाही म्हनजे खरंच सांगता येत नाही. त्या डॉक्टरले माहीत नव्हतं. मलेही आत्ता माहीत नाही. म्हनूनच त सुई घालाची."

"खरंच माहीत नाही?"

"खरंच नाही. इकडे पाहा."

त्यांनी पडदा त्याच्याकडे फिरवला. जानरावने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गळ्याच्या आत पाहिलं. करड्या धुरकट पडद्यावर एक गोल दिसत होता. त्याचा मोठा भाग काळा होता. डॉक्टर म्हणाल्या, हे पाणी. मागच्या बाजूला भिंतीला चिकटलेला एक करडा तुकडा होता, बोराएवढा. ते मांस. जे काही कळायचं ते त्या तुकड्यातून. अकोल्याला सुई हाताच्या अंदाजाने गेली, ती पाण्यात गेली, त्यात डॉक्टरांचा काही दोष नाही, वरून हाताला पाणी आणि मांस वेगळं लागत नाही. आणि त्या तुकड्याच्या बाजूला काहीतरी धपधप उडत होतं.

"हे काय उडून राहिलं?"

"ती मेंदूकडे रक्त नेणारी मोठी नस. तिले धक्का न लावता या तुकड्यात जायचं. पडद्यावर सुई दिसते, म्हणून जमते."

जानराव बघत राहिला. पस्तीस वर्षं त्याने जनावरं वरून चाचपली होती. वरून चाचपून जेवढं कळायचं तेवढं कळायचं, बाकी नशीब. आत बघता येतं हे त्याला एकदम पटलं, आणि त्याहून जास्त पटली ती ही बाई. 'मला माहीत नाही' असं तोंडावर सांगणारा माणूस त्याला बाजारात एकही भेटला नव्हता. म्हणजे अजून ठरलेलं नाही तर! "घाला सुई," तो म्हणाला.

खांद्याखाली उशी आली, मान मागे गेली. गळ्यावर औषधाचा बोळा फिरला आणि गळ्यापासून कमरेपर्यंत हिरवं कापड पसरलं. डॉक्टरांनी बजावलं, "सुई आत असेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, खोकायचं नाही. गिळलं की गाठ वर जाते आणि माझा नेम चुकतो. काही वाटलं तर चंदाचा हात दाबा."

बोलायचं नाही! प्रणाली दाराबाहेर होती, तिला आत ऐकू आलं आणि तिने कपाळाला हात लावला. पण जानरावने तोंड मिटलं. चंदाने हिरव्या कापडाखाली हात घालून त्याचा हात धरला. सुई टोचली. टोचल्याचं कळलं, मग आत काहीतरी ढकलल्यासारखं वाटलं, फार दुखलं नाही. डॉक्टरांनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं, "काका, बरं आहे ना?"

आता सांगा, कापडाखाली हात, आणि समोरून प्रश्न! पस्तीस वर्षांची सवय ती. जानरावच्या बोटांनी आपोआप उत्तर दिलं. त्याने चंदाची चार बोटं मुठीत धरून कचकन दाबली. बाजारात याचा अर्थ, कबूल आहे, पुढे चला.

"मॅडम, थांबा!" चंदा ओरडली. "लई दुखून राहिलं काकाले!"

डॉक्टरांनी सुई तशीच अलगद बाहेर घेतली. गळ्यावर कापूस दाबला गेला. तोंड मोकळं होताच जानराव उसळला, "कावून काहाडली? म्या त कबूल म्हटलं!"

"हात मोडला माया, अन् कबूल म्हन्ते!" चंदा बोटं झटकत म्हणाली.

मग दोघांनी कापडाखाली नवा करार केला. एक बोट दाबलं तर ठीक आहे, चालू द्या. मूठ आवळली तर थांबा. चंदाने दोनदा पढवून घेतला. पुन्हा सुई गेली. या वेळी मान वाकडी होती तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून जानरावला पडदा दिसत होता. एक चकचकीत बारीक रेघ काळ्या पाण्याला वळसा घालून, त्या उडणाऱ्या नसेला सोडून, मागच्या करड्या तुकड्यात शिरली आणि आत जरा पुढेमागे झाली. त्याला गिळावंसं वाटलं. जन्मात कधी एवढं गिळावंसं वाटलं नव्हतं. त्याने डोळे मिटले, चंदाचं एक बोट दाबून धरलं आणि मनात म्हणत राहिला, सरळ जा, सरळ जा. नांगराच्या बैलाला म्हणतो तसंच म्हणत होता, पण गिळलं नाही.

आणखी एकदा सुई गेली. शेजारच्या खोलीत डॉक्टर अनुप बसले होते, सुईतलं तपासणारे. त्यांनी काचेवर थेंब पसरला, रंग लावला आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. थोड्या वेळाने त्यांनी दारातून डोकं बाहेर काढलं. "भरपूर पेशी आल्या. पुरेसं आहे. नीट वाचून परवा रिपोर्ट देतो."

"आता काय दिसलं?" जानरावने विचारलं.

"आत्ता घाईत सांगणार नाही काका. परवा."

जानरावने डॉक्टर प्रियदर्शनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "खरंच परवा." आणि त्याने ते मानलं.

ते दोन दिवस कसे गेले ते प्रणालीलाच विचारा. पहिल्या दिवशी बाप मुका होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गिलावडा आणून दिला, तेव्हा एक वडा खाऊन त्याने अमरावतीच्या दह्याला नावं ठेवली, आणि पोरीच्या जिवात जीव आला. मनकर्णा मात्र उलटी. घरी तोफ असलेली बाई इथे आल्यापासून हळूहळू गप्प होत चालली होती. ती प्रणालीची भांडी घासायची, घासलेली परत घासायची.

रिपोर्टच्या दिवशी प्रणालीच्या पोराची शाळेत परीक्षा होती, ती त्याला सोडून मागून येणार होती. दवाखान्यात दोघंच गेले. नाव पुकारलं गेलं. जानराव उठला. मनकर्णा बाकावरून उठली नाही.

"चाल नं," तो म्हणाला.

"तुमी जा." तिने बाकाची कड धरून ठेवली होती. "माये पाय उठून नाही राहिले."

तो एकटाच आत गेला. डॉक्टर प्रियदर्शनींनी कागद समोर ठेवला आणि आढेवेढे न घेता सांगितलं, "काका, कॅन्सर नाही. थायरॉईडची साधी गाठ आहे. आता काही करायचं नाही. वर्षाने येऊन परत सोनोग्राफी करायची, मोठी झाली तर बघू. आवाजालाही काही धोका नाही."

जानरावने विचारलं, "नाही म्हनजे?"

"नाही म्हणजे नाही."

"नाहीच?"

"नाहीच. पेशी पुरेशा होत्या, डॉक्टर अनुपनी वाचल्या, मी चित्र पाहिलं. दोघांचं एकच मत आहे."

त्याला त्यांना हात जोडायचे होते, ते जोडले. काहीतरी बोलायचंही होतं, पण घसा आवळून आला. मरणाच्या भीतीने जो घसा बसला नव्हता, तो आता आनंदाने बसला. तो तसाच बाहेर आला. डोळे लाल, ओठ थरथरत, आणि शब्द नाही.

मनकर्णाने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटायचं ते वाटलं. जानराव दलाल गप्प आहे, म्हणजे संपलं.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला. तिने त्याचा हात धरला. दवाखान्यात, दहा लोकांसमोर. तिने असं कधी केलं नव्हतं.

"आयका," ती समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागली. "काही बी असो. नागपूरले न्या म्हनतीन त नागपूरले जाऊ, मुंबईले म्हनतीन त मुंबईले. मी हाय. तुमी नुसते राहा. पंधरा दिवस तुमी घरात गप बसले नं, मले अन्न गोड नाही लागलं. म्या जनमभर तुमाले तोंड बंद करा म्हटलं, ते काही खरं नव्हतं. तुमचा आवाज आला की मले वाटे, घर भरलं. अन् तुमी लोकाइले खरं सांगत फिरले, ते आयकून त म्या देवापुढं बसून रडली. तुमी खोटंच बोला. जेवढं बोलाचं तेवढं खोटं बोला. पन राहा."

आता इथे जानरावची एक गोष्ट कबूल करायला हवी. तिच्या दुसऱ्या वाक्याला त्याचा घसा मोकळा झाला होता. तो बोलू शकत होता. पण अडतीस वर्षांत असं ऐकायला मिळालं नव्हतं, आणि पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग मात्र त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि तो घाईघाईने म्हणाला, "मनकर्णा, काही नाही वं. साधी गाठ हाय. कॅन्सर नाही म्हनते."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, आणि तिने मान हलवली.

"लगेच सुरू झाले काय," ती हळूच म्हणाली. "माया जीव राखाले खोटं बोलून राहिले तुमी."

"अवं, आईची आन! खरंच नाही!"

"बैलाच्या येळेसही आईचीच आन घेता तुमी."

आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट जानरावजवळ होती आणि त्याची बायको ती घ्यायला तयार नव्हती. त्याने कागद पुढे केला, तो इंग्रजी. त्याने देवाचं नाव घेतलं, तिने डोळे पुसले. शेवटी मनकर्णा बाकाची कड सोडून उठली. न उठणाऱ्या त्याच पायांवर उठली, पुढचं नाव पुकारत असलेल्या चंदाला बाजूला सारलं, आणि दार ढकलून सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली.

बाहेर जानरावला आतला आवाज येत होता. मनकर्णा काहीतरी विचारत होती. डॉक्टर सांगत होत्या. ती परत विचारत होती. "नाही मावशी, खरंच काही नाही," असं त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि मग आतून रडण्याचा आवाज आला. मोकळा, मोठ्याने, शेतातल्या बाईसारखा. बाकावरची माणसं घाबरून जानरावकडे बघायला लागली. त्यांना काही सांगावं असं त्याला वाटलं, पण त्याच्याही गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायची त्याने घाई केली नाही.

थोड्या वेळाने दार उघडलं. मनकर्णा बाहेर आली. पदर नीट करून ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याला वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं.

"उठा," ती म्हणाली. "या खेपी खरं बोलले तुमी."